दहा वाजून बावीस मिनिटांनी मी मंडळ सोडलं

"एक गोष्ट मात्र अजिबात करू नका," असं नागपूरचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबले.

मला वाटलं, विचार करताहेत. मोठे डॉक्टर विचार करूनच बोलतात. मी दोन मिनिटं आदरानं वाट पाहिली, टीनाला मांडीवर सरळ बसवलं, तिचं नाक पुसलं. मग फोनवर वरून एक पट्टी सरकत खाली आली: आपला आजचा डेटा शंभर टक्के वापरला गेला आहे. अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती. दिवस तेरा तास शिल्लक होता आणि माझ्या तीन वर्षांच्या मुलीच्या बाबतीत जगातली कोणती तरी एक गोष्ट अजिबात करायची नव्हती.

दवाखान्यात साधा फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं की डॉक्टर फोनवर काही सांगत नाहीत, व्हिडिओवरच सांगतात, आणि व्हिडिओची पुढची वेळ गुरुवारी अकरा वाजता. तेव्हा मंगळवार होता.

टीनाला सहा दिवसांपासून बारीक ताप येत-जात होता. गोंदियाच्या डॉक्टरांनी पाहून साधा ताप आहे म्हणून सांगितलं होतं, माझा नवरा हेमेंद्र तर न पाहताच सांगत होता. पण मी बी.एस्सी. झालेली आहे. साधा ताप हा शब्द ऐकून गप्प बसायला मी काही अडाणी नाही. म्हणून नागपूर, म्हणून व्हिडिओ, आणि म्हणून ते दोन दिवस, ज्यांत मी टीनाची आंघोळ बंद केली, केळं बंद केलं, पंखा, दही, अंगणातलं पळणं आणि उताणं झोपून हसणं बंद केलं. यातलं एखादं तरी डॉक्टरांच्या मनातलं असणारच. फक्त दर तासाला थर्मामीटर लावून वहीत आकडा लिहिणं तेवढं चालू ठेवलं, कारण काळजी घेणं तर कोणी बंद करायला सांगणार नाही.

आता दीड जीबी डेटा सकाळी अकराच्या आत जातो कुठे, हे सांगणं भाग आहे. आमच्या दवनीवाड्याच्या घरात इंटरनेट म्हणजे माझा फोन. हेमेंद्रचा फोन त्याच्याबरोबर गोंदियाच्या राइस मिलमध्ये जातो. माझी नणंद नूतन तिरोड्याला शाळेत शिकवते, तिचा तिच्याबरोबर. मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, बटनाचा आहे. घरी वायफाय घ्यायचा प्रयत्नही मी करून चुकले आहे. केबल ग्रामपंचायतीपर्यंत आली आहे, तिथून आमच्यापर्यंत यायला एक खांब कमी पडतो, तो खांब मंजूर आहे, पण तो जिथे रोवायचा ती जागा मंजूर नाही. तोवर पंचायतीच्या भिंतीला टेकून गावातली अर्धी मंडळी फुकट वायफायवर बसलेली असतात. सुनेनं तिथे जाऊन भिंतीला टेकायची प्रथा अजून आमच्याकडे पडलेली नाही.

तर माझा फोन. आणि सकाळी सहा ते अकरा तो असतो सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या हातात. त्या 'सोयरे-धायरे मंडळ' पाहतात. हा आमच्या सगळ्या नातलगांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. दोनशे अठ्ठेचाळीस माणसं. माझं सासर, माझं माहेर, दोन्हीकडचे मामे, मावशा, आणि ज्यांच्याशी नातं नेमकं काय हे कोणालाच सांगता येत नाही असे साधारण चाळीस. सूर्य उगवायच्या आत सूर्य उगवल्याचे साठेक फोटो येतात. मग कोणाचा तरी वाढदिवस निघतो, आणि दोनशे सत्तेचाळीस जण एका माणसाला केक पाठवतात.

मी आत्याबाईंना एकदा सुचवून पाहिलं होतं की सगळेच फोटो उघडायची गरज नसते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दारात आलेल्या पाहुण्याला पाणी न विचारता परत पाठवायला सांगितलं. "त्याईनं पाठवला, अन् आपण पाहाचा नाई?" असं म्हणून त्यांनी नऊ मिनिटांचा एका बारशाचा व्हिडिओ उघडला आणि पाळण्याच्या दोरीपर्यंत पाहिला.

बुधवारी मी चंद्रकुमारच्या दुकानात गेले. आमच्या शेजारचा. रिचार्ज, झेरॉक्स आणि सल्ला असं तो तिन्ही देतो, पैकी सल्ला आधी देतो. मी एक जीबीचं जास्तीचं पॅक मारून घेतलं आणि त्याला अडचण सांगितली. ऑटो डाउनलोड बंद कर, म्हणाला. मी म्हटलं, बंदच आहे, आत्याबाईंचा अंगठा चालू आहे. म्यूट कर. म्यूट केल्यानं फक्त आवाज जातो, माणसं जात नाहीत. मग त्यानं झेरॉक्स मशीनवर हात टेकून आवाज खाली आणला आणि म्हणाला, वैनी, डॉक्टरच्या टायमाला अर्धा घंटा ग्रुपच्या बाहेर निघून जा, मग परत अॅड व्हा. आता पहिल्यासारखं राहिलं नाही, कोणी सोडलं तर सगळ्यांना दिसत नाही. फक्त अॅडमिनला दिसतं.

या सल्ल्यात एकच चूक होती. आमचे अॅडमिन मोठे मामाजी आहेत.

श्यामलाल मोठे मामाजी हे मामाजींचे थोरले भाऊ, मागच्या गल्लीत राहतात. तहसीलमधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण निवृत्ती त्यांना अजून मान्य नाही. मंडळाचं रजिस्टर आहे. त्यात प्रत्येक सभासदाचं नाव, गाव, कोणाकडून नातं आणि प्रवेशाची तारीख. हे नंबर त्यांनी गावोगाव स्वतः फिरून गोळा केले होते, एकेका घरी चहा पिऊन. हे मला माहीत होतं. पण गुरुवारी सकाळी मला फक्त थर्मामीटर दिसत होतं.

गुरुवारी माझ्याकडे अडीच जीबी होते. कोणत्याही सुसंस्कृत घराला ते अकरा वाजेपर्यंत पुरावेत. पण सकाळी नऊ वाजता सेवकराम इवाईंनी, म्हणजे होणाऱ्या व्याह्यांनी, मंडळात नूतन आणि तिलकचा फोटो टाकला.

इथे थोडं थांबते. नूतनचं लग्न ठरत होतं. चार स्थळं झाली होती, चारही ठिकाणी कोणाचं ना कोणाचं काही ना काही अडलं. हे पाचवं, बोदलकसा तलावाजवळच्या गावातलं. तिलक शेती करतो आणि तिरोड्याला कृषी केंद्र चालवतो. पाहायला आले तेव्हा गप्पांच्या नादात कोणाचं लक्ष नसताना तो उठला आणि आपला रिकामा पाण्याचा पेला स्वतः आत नेऊन ठेवून आला. त्या एका पेल्यावर नूतन हो म्हणाली. रविवारी त्यांची माणसं सुपारी फोडायला येणार होती. आणि त्याची आगाऊ बातमी तिलकच्या वडिलांनी, सेवकरामांनी, मंडळाला देऊन टाकली.

मग जे झालं त्याला अभिनंदन म्हणतात. गुलाबाची फुलं फिरणारी, फुलं न फिरणारी, फुलं फुटून त्यातून गणपती निघणारा. एकानं त्याच्या स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ पाठवला, चांगला झाला होता म्हणून. आत्याबाई गहिवरून एकेक उघडत होत्या आणि एकेकाला हात जोडत होत्या. आता वाचक म्हणतील, फोन काढून घ्यायचा. पण बाईच्या लेकीचं लग्न ठरलंय, दोनशे माणसं तिचं कौतुक करताहेत, आणि सून येऊन म्हणते, द्या इकडे. मी एवढी शूर नाही.

दहाच्या सुमारास पन्नास टक्के, दहा-पंधराला ऐंशी टक्के. त्या भात वेळायला उठल्या. मी फोन उचलला, न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि मंडळ सोडलं. दहा वाजून बावीस मिनिटं. वेळ मला नंतर लेखी मिळाली, म्हणून पाठ आहे.

आत्याबाई परत येऊन फोन पाहत म्हणाल्या, झाले वाटते सगळ्याईचे. मी म्हटलं, हो. अकरा वाजता डॉक्टर आले, आणि काय सांगू, अकरा मिनिटं सलग बोलले. कुठेही थिजले नाहीत. टीनाला काही झालेलं नव्हतं. ताप परवाच गेला होता. मी वही कॅमेऱ्यापुढे धरली, तर त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, मंगळवारी मी हेच सांगत होतो, दर तासाला ताप मोजू नका.

मला रडू आलं, हसू आलं, मी टीनाला केळं दिलं, दुसरं दिलं, पंखा लावला. ती गादीवर उताणी पडून हसायला लागली. असं अर्धा तास आमच्या घरात फार छान होतं.

मग फोन पाहिला. सतरा मिस्ड कॉल.

झालं होतं असं की दहा-बावीसला मोठे मामाजींच्या फोनवर सूचना गेली. त्यांनी त्या सूचनेचा फोटो काढला आणि मंडळात टाकला. खाली लिहिलं: 'सौ. चंचल हेमेंद्र, दवनीवाडा, यांनी आज रोजी सकाळी १०.२२ वाजता मंडळ सोडलेले आहे. माहितीस्तव.' त्यांच्या मनात काहीही नव्हतं. आवक-जावक नोंदवायची चाळीस वर्षांची सवय. पण ही नोंद पडली ती बरोबर नूतन आणि तिलकच्या फोटोखालच्या अभिनंदनात.

आमच्याकडे रुसण्याची एक पद्धत आहे. पटलं नाही तर कोणी भांडत नाही. माणूस नुसता उठून जातो. पंगतीतून उठतो, मांडवातून उठतो, आणि मग चार मोठी माणसं मागे जाऊन का उठला म्हणून विचारतात. पूर्वी उठायला निदान मांडव लागायचा. आता दोनशे सत्तेचाळीस माणसांनी पाहिलं की नवऱ्या मुलीची सख्खी भावजय फोटो पाहून उठून गेली.

पहिला फोन माझ्या बाबांचा होता, चोरखमाऱ्याहून. ते मला काय झालं हे विचारतच नव्हते. ते मला सांगत होते की त्यांना सगळं समजलं आहे. या इंदरलालची पोरगी उगाच उठत नाही, तिचा काहीतरी अपमान झाला असेल, आणि जिथे आमच्या पोरीचा मान नाही तिथे आमचं काय काम म्हणून ते, आई, दोन्ही काका आणि काकांची सासुरवाडी मिळून एकोणीस जण मंडळाबाहेर पडले आहेत. मी डेटा, डेटा असं तीनदा म्हटलं. तू घाबरू नको, म्हणाले.

एकोणीस सोयरे एकदम गेले म्हटल्यावर सासरकडच्या काही मानी माणसांना वाटलं, हे आपल्याला दाखवून गेले, तर आपण काय बसूनच राहायचं. तेही गेले. मोठे मामाजी दर जाण्याची वेळेसकट नोंद टाकत होते. दुपारी दोनपर्यंत आकडा एकशे एक्याण्णववर आला होता. या नोंदी माझ्यापर्यंत त्या चाळिसांतलाच एक, चंद्रकुमार, पोचवत होता, कुंपणावरून, सामन्याचा स्कोर सांगावा तशा. सल्ला त्याचा होता हे तो एव्हाना विसरला होता.

मी मोठे मामाजींकडे गेले. एक बटन दाबून परत घ्या म्हटलं. ते रजिस्टर पुढ्यात घेऊन बसले होते आणि त्यांचा चेहरा खरंच उतरलेला होता. बटन मी दाबीन सूनबाई, म्हणाले, पण मग प्रथा पडेल. उद्या कोणीही जाईल, कोणीही येईल. अर्ज द्या. सोडण्याचं कारण, परतण्याचं कारण, एक सूचक, एक अनुमोदक.

मी तिथेच बसून अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, त्याचं त्यांनी कौतुकही केलं, आणि अर्ज परत दिला. तारीख नव्हती. तारीख घातली. मग 'डेटा संपत आल्यामुळे' या कारणाखाली त्यांनी लाल रेघ ओढली. डेटा सगळ्यांचाच संपतो, मग बाकीचे एकशे नव्वद का बसले आहेत, असा त्यांचा प्रश्न होता. सूचक म्हणून आत्याबाईंनी सही केली. अनुमोदक मिळाला नाही, कारण मला अनुमोदन देणारी सगळी माणसं सकाळीच बाहेर पडली होती.

हेमेंद्रला मिलमध्ये चारला कळलं. त्यानं मंडळात स्वतःच खुलासा टाकला की चंचलनं केवळ डेटा वाचवण्यासाठी ग्रुप सोडला, गैरसमज नसावा. त्याखाली तेवीस जणांनी कोणतं पॅक आहे म्हणून विचारलं, मग कोणत्या कंपनीचं नेटवर्क चांगलं यावर तासभर चर्चा झाली, आणि शेवटी एका मावशीनं शुभ सायंकाळ म्हणून बदकं पाठवली.

पाच वाजता मामाजींच्या बटनाच्या फोनवर सेवकरामांचा फोन आला. मामाजी फक्त हो जी, हो जी करत होते. फोन ठेवून म्हणाले, रविवारचं थांबवू म्हणतात. तुमच्या घरात आधी एक मत होऊ द्या, मग पाहू. एवढं सांगून ते शेताकडे निघून गेले. धान कापून झालं होतं, तिकडे पाहण्यासारखं काही नव्हतं.

नूतन शाळेतून आली तेव्हा तिला वाटेतच सगळं समजलं होतं. तिनं चप्पल काढली, पाय धुतले, टीनाचा पापा घेतला. माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"वैनी, मी तुले जड झाली होती त तोंडावर सांगाचं. तिलकचं कायले मोडलं?"

मी डॉक्टरपासून सांगायला सुरुवात केली. ती आत निघून गेली. हिच्या बारावीच्या परीक्षेला मी हिच्याबरोबर पहाटे उठून चहा केलेला आहे. चार स्थळं परत गेली तेव्हा चारही वेळा ही माझ्याच मांडीवर डोकं ठेवून झोपली. मला वाटलं होतं, बाकी दोनशे सेहेचाळीस काहीही समजोत, ही तर समजेल.

शुक्रवारी सकाळी मी ठरवलं की आपणच बोदलकशाला जायचं. आता सुपारी फुटायच्या आधी मुलीकडच्या बाईनं न बोलावता मुलाच्या घरी जाणं आमच्यात बसत नाही. मी आत्याबाईंना सांगितलं की टीनाला तलाव दाखवून आणते, आजारातून उठली आहे, हवापालट होईल. आत्याबाई फडताळाकडे वळल्या. मी ओढणी बांधून बाहेर आले तर स्कूटीच्या डिकीत करंज्यांचा डबा होता. तलावाला करंज्या लागत नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं. मामाजी अंगठ्यानं मागच्या चाकाची हवा दाबून पाहत होते.

वाटभर मी भाषणाची तयारी केली. टीना पुढे उभी राहून प्रत्येक बकरीला हाक मारत होती.

सेवकराम पडवीत बसले होते. मोठा, शांत माणूस. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची दाखवली, टीनाच्या हातात बिस्कीट दिलं, आणि मग पाय वर घेऊन बसले. मी एमबी आणि जीबी सांगायला लागले. ते माझ्या डोक्यावरून पलीकडे कालव्याकडे पाहत होते. तेव्हा मला सुचलं. मी म्हटलं, बाबूजी, तुम्ही तलावाच्या पाण्यावर धान करता. गेट उघडल्यावर वरचे शेतकरी आपल्या धानाच्या बांध्या भरून घेतात आणि कालव्याच्या टोकाच्या टेलवाल्याच्या शेतात पाणी पोचतच नाही, होय की नाही? ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहून हो म्हणाले. पाणी वाटप संस्थेत दहा वर्षं त्यांनी हेच भांडण सोडवलेलं आहे. मी म्हटलं, आमच्या घरातल्या फोनचंही तसंच आहे. सकाळपासून सगळं मंडळ पाणी घेतं, आणि अकरा वाजता हे लेकरू टेलवर असतं.

त्यांना समजलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की पूर्ण समजलं. मी मनात हेमेंद्रला फोन करून कळवूनसुद्धा टाकलं. मग ते म्हणाले, "समजलो बेटा. पण टेलवाल्याले पाणी नाई भेटलं म्हणून तो गाव सोडून जाते का?"

बी.एस्सी.चा काही उपयोग नाही.

एवढ्यात तिलकची आई, धनवंताबाई, चहा घेऊन आल्या. आतून त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. चहा ठेवून त्या पदराला हात पुसत माझ्याजवळ बसल्या आणि कमरेची पिशवी उघडून त्यातून फोन काढला. काचेला तीन तडे गेलेला.

"हे बटन कुठी असते वो, बाहेर निघाचं? मी दिवाईच्या आधीपासून शोधून राहिली."

मी सेवकरामांकडे पाहिलं. ते बशीत चहा ओतत होते. धनवंताबाई सांगत होत्या की रोज सकाळी फोन भरून जातो, मग लेकीचा फोन आला तरी उचलता येत नाही, आणि तिलकला म्हटलं तर तो म्हणतो, राहू दे आई, लोक काय म्हणतील. मी त्यांना विनवलं की हे आत्ता नको, निदान आज नको. त्या म्हणाल्या, मी नुसतं पाहतो. मी नावावर बोट ठेवलं, खाली सरकवलं, शेवटी लाल अक्षरं आली. मी म्हटलं, हे इथे दाबायचं असतं, पण आता आपण…

त्यांनी दाबलं.

टीना म्हणाली, संपलं? धनवंताबाई म्हणाल्या, संपलं बाई. आणि एक करंजी खाल्ली.

चार मिनिटं लागली. सेवकरामांचा फोन वाजला, मग लगेच पुन्हा वाजला. मोठे मामाजींची नोंद पडली होती: 'सौ. धनवंता सेवकराम यांनी आज रोजी ११.४० वाजता मंडळ सोडलेले आहे. माहितीस्तव.' सेवकरामांनी ती दोनदा वाचली. बशी खाली ठेवली. आता दवनीवाड्यात काय समजतील, हे मला सांगावं लागलं नाही. मुलाची आई उठून गेली. म्हणजे मुलगी नापसंत. म्हणजे ज्यांनी कालपर्यंत आम्हाला 'तुमच्या घरात एक मत होऊ द्या' म्हटलं, त्यांच्याच घरात.

ते बायकोला म्हणाले, परत घाल नाव. धनवंताबाई म्हणाल्या, अर्ज द्यावा लागते म्हणते हे पोरगी, सूचक-अनुमोदक लागते, अन् मले नाईच जायचं. मग त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की माझी खात्री आहे, या बाईला बटन दिवाळीच्या आधीच सापडलेलं होतं.

"चला आता दवनीवाड्याले. आपल्या तोंडानं सांगा त्याईले, आमच्या बाईचा फोन भरला होता म्हणून. पाहतो, कसे सांगता त."

सेवकरामांनी पांढरी टोपी घातली.

पुढे मी आणि टीना स्कूटीवर, मागे ते दोघं मोटारसायकलवर, वाटेत तिरोड्याला कृषी केंद्राचं शटर अर्ध्यावर ओढून तिलक त्याच्या गाडीवर, अशी आमची मिरवणूक दुपारी दीडला दवनीवाड्यात शिरली. पंचायतीच्या भिंतीला टेकलेल्या सगळ्यांनी फोनमधून माना वर केल्या, आणि ही गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे.

घरी नोंद पोचलेलीच होती. मामाजी अंगणात उभे होते. सेवकराम गाडीवरून उतरता उतरताच म्हणायला लागले की इवाई, आमच्या घरात काही नाही, तिचा फोन भरला होता. मामाजी म्हणाले, अहो आमच्याही सुनेचं तेच, डेटा संपत होता. सेवकराम म्हणाले, ते आम्हाला समजलं जी, पण आमचं तुम्हाला समजलं का? मामाजी म्हणाले, आम्हाला समजलं, पण आमचं तुम्हाला खरंच समजलं का? दोघं एकमेकांचे हात धरून पाच मिनिटं एकमेकांना समजावत होते आणि कोणीही समजून घ्यायचं शिल्लक नव्हतं. धनवंताबाई तोवर आत जाऊन आत्याबाईंशी बोलत चुलीपाशी बसल्याही होत्या.

मग सेवकराम म्हणाले की आता आलोच आहे तर रविवारची वाट कायले पाहाची. सुपारी कोणी आणलेली नव्हती. मामाजींनी कंबरेची चंची सोडली, रोजच्या खाण्यातली एक अख्खी सुपारी शोधून काढली, आणि ती तिथेच ओट्यावर फोडली. नूतन शाळेतून अर्धी रजा टाकून आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं आणि आत्याबाई उडदाचे बडे तळत होत्या. तिलक न्हाणीजवळ उभा राहून टीनाचे बरबटलेले हात धूत होता.

मोठे मामाजी रजिस्टर घेऊन आले. मंडळाला कळवलं पाहिजे, म्हणाले, फोटो काढा. फोटोत कोणी कोणाशेजारी बसायचं ते त्यांनी ठरवून दिलं. मग खाली कोणाकोणाची नावं घालायची हे लिहिताना त्यांच्या लक्षात आलं की मुलाची आई सभासद नाही, मुलीची भावजय सभासद नाही, आणि भावजयीच्या माहेरचे एकोणीस जणही नाहीत. ते बराच वेळ पेनचं टोपण चावत बसले. शेवटी धनवंताबाईंनी त्यांच्यापुढे बड्यांची ताटली ठेवली आणि सांगितलं की भाऊजी, पत्रिका छापा अन् घरोघरी जाऊन द्या, तुमच्याशिवाय कोणाला सगळ्यांची घरं माहीत आहेत. तेव्हा त्यांचा चेहरा इतका उजळला, की मी माझा अर्ज गुपचूप रजिस्टरमधून काढून घेतला.

नूतन स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभी राहिली. काल संध्याकाळपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. मी बडे उलटत राहिले. तिनं तिचा फोन माझ्या खांद्यावरून पुढे केला. सकाळपासून तीनशे बारा मेसेज, आणि आता अभिनंदन नव्यानं सुरू होणार होतं.

"वैनी, मले पण काढून दे न याच्यातून."

मी झारा खाली ठेवला, हात पुसले, तिचा फोन घेतला आणि तिच्याच हाताची मूठ त्यावर घट्ट मिटवली.

"लग्न लागेपर्यंत बोट नको लावू," मी म्हटलं. "अक्षता पडू दे. मग तुम्ही दोघं संगच निघा."